रुमालाखालची बटणं

मुरबाडात माझं नाव फार जणांना ठाऊक नाही. ‘तो खाडखाड टाइपवाला’ म्हटलं की मात्र कुठलाही रिक्षावाला थेट दारात आणून सोडतो. घराची पुढची खोली म्हणजेच माझं दुकान. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बाहेर गिऱ्हाइकांसाठी एक बाक. तहसील कचेरीत द्यायचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारस नोंदीची कागदपत्रं असं काहीबाही मी दिवसभर टाइप करत असतो.

हे काम मी लोखंडी टाइपरायटरवर शिकलो. त्यावर बोट दणकून आपटलं नाही तर कागदावर अक्षर उमटत नसे. पुढे मशीन भंगारात गेलं आणि कॉम्प्युटर आला, पण ही बातमी माझ्या बोटांना कुणी दिलीच नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशी ती आपली आपटतच राहिली. माझ्या हाताखाली कीबोर्ड फार दिवस जगत नसत.

खरं सांगायचं तर मला त्या आवाजाचा अभिमान होता, आणि गिऱ्हाइकांना त्याचा आधार होता. माळशेजच्या बाजूच्या गावातून माणूस जीपनं धक्के खात येतो, बाकावर टेकतो, आणि आतून खाडखाड ऐकू आली की त्याला वाटतं, चला, आपलं काम चाललंय. एकदा ताप होता म्हणून मी जरा बेतानं टाइप करत होतो, तर एक म्हातारबाबा आत डोकावून म्हणाले, “आज जोर नाय का रे? अर्जात जोर पायजे, नायतर सायेब वाचणार नाय.” मी तापातही पुढचा परिच्छेद दणदणीत काढला.

गेल्या वर्षी उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. आधी सकाळी उठल्यावर, मग दिवसभर. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं आपली नाहीतच असं वाटे, आणि मनगटातून कळ थेट कोपरापर्यंत जाई. एक दिवस चहाचा कप हातातून सुटला तेव्हा बायकोनं मला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हात वाकवून पाहिला, मनगटाला पट्टा दिला, थोडे दिवस विश्रांती सांगितली, आणि म्हणाले, “आतली शीर दबलीय. हे आपटणं बंद करा. हात सुधारेल. पण असंच आपटत राहिलात तर टायपिंग कायमचं विसरा.”

मी घरी येऊन बाकावर बसलो. मला दुसरं काहीच येत नाही. भाताची लावणी करायला गेलो तर शेजारीपाजारी हसून कोलमडतात, अशी माझी ख्याती. टायपिंग गेलं तर मी कोण, असा प्रश्न मला त्या दिवशी पडला आणि मी चांगलाच घाबरलो.

बायको मात्र घाबरली नाही. ती म्हणाली, “अहो, हात नाय बिघडला, बटणं बिघडलीत. बटणं बदलू.”

इथं तिच्याबद्दल सांगायला हवं. ती आटगावची. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद असताना वेळ जाईना म्हणून तिनं या कॉम्प्युटरवर बंदुकांचा एक गेम उतरवला, तो तिनं अजून सोडलेला नाही. वाशिंद, कल्याण इथल्या चार बायकांबरोबर तिची टीम आहे. संध्याकाळी दुकान बंद झालं की कुकर लावायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि शत्रूला भिंतीआड गाठायचं, हा तिचा नेम. “डावीकडून या गो! डावीकडून!” अशी तिची आरोळी ऐकून समोरचा किराणावाला सुरुवातीला दोनदा धावत आला होता. तर कीबोर्डातलं तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं, आणि हे ती मला विसरू देत नाही.

तिनं मला समजावलं. माझ्या स्वस्त कीबोर्डात बटणाखाली रबर असतं, ते पार तळापर्यंत दाबावं लागतं. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्प्रिंगचा एक वेगळा स्विच असतो, आणि अक्षर अर्ध्या वाटेतच उमटतं. तळ गाठायची गरजच नाही. त्या स्विचच्या जाती असतात आणि त्या रंगावरून ओळखतात. निळा टिकटिक वाजतो. लाल लोण्यासारखा सरळ खाली जातो, ना आवाज ना अडथळा. तपकिरी वाजत नाही, पण अर्ध्यावर बोटाला एक बारीकसा उंचवटा लागतो. “एकच कीबोर्ड घेऊ, टेबलावर दोन मावायचे नाय,” ती म्हणाली. “दिवसा तुमचा, संध्याकाळी माझा.”

वाशिंदच्या मैत्रिणीकडून तिनं नमुन्याची पट्टी मागवली. बोटभर लांबीच्या त्या पट्टीवर वेगवेगळे स्विच ओळीनं बसवलेले. मी पहिल्यांदा निळा दाबला. टिक! माझा चेहरा उजळला. परत दाबला. टिक टिक टिक! हा तर माझ्या जुन्या मशीनचा नातू!

“हाच,” मी म्हणालो.

“उथळ पाण्याला खळखळाट फार,” बायको म्हणाली. “आवाज आला की तुमी आणखी आपटणार. हाताचं काय?”

मग मी लाल दाबला. “हे काय? मेलेलं बटण आहे हे.” तपकिरी दाबला. “हा धड ना इकडचा ना तिकडचा.” ती लालसाठी अडून बसली, कारण तिच्या गेमला लालच लागतो, चटकन दाबून चटकन सोडता येतो. मी निळ्यासाठी अडलो. विश्रांतीमुळे माझं टायपिंग बंद होतं, तरी लोक चौकशीला येऊन बाकावर टेकतच. पुढचे काही दिवस आमच्या घरात पट्टीवरून जे महाभारत झालं ते बाकावरच्या गिऱ्हाइकांनी मन लावून ऐकलं. त्यांतल्या बहुतेकांचा कौल निळ्याला होता, हे मी बायकोला वारंवार ऐकवलं.

निकाल लावला तो माझ्या वडिलांनी. ते गावाकडून घरच्या भाताच्या पोह्यांची पिशवी घेऊन आले होते. तरुणपणी ते दर वर्षी म्हशाच्या जत्रेत बैलांच्या सौद्याला उभे राहायचे, आणि त्याच्या गोष्टी सांगायला त्यांना कुठलंही निमित्त पुरतं. तिथं सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याखाली बोटांनी बोटं दाबून भाव करायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही.

आमचं भांडण ऐकून ते म्हणाले, “अरे, बैल घेताना आधी घुंगरं काढून ठेवायची. शिंगाचा रंग बघायचा नाय. तुमी तर रंगावर नि घुंगरावरच भांडताय की!” आणि त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून पट्टीवर टाकला. “घाल हात.”

कल्पना बायकोला इतकी आवडली की तिनं ती आणखी वाढवली. आवाज कळू नये म्हणून माझ्या कानात कापसाचे बोळे घातले, आणि तरी शंका नको म्हणून आत जाऊन मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी लावली. मिक्सर घरघरतोय, वडील रुमालाखाली पट्टी फिरवून फिरवून माझ्या बोटापुढे आणतायत, आणि मी मनगटाला पट्टा बांधून, डोळे मिटून, एखाद्या बैलाचे दात तपासावेत तसा गंभीर चेहरा करून बटणं दाबतोय. बाकावर एक जोडपं सातबाऱ्याच्या कामाला आलेलं होतं. तेही आत येऊन उभं राहिलं.

आणि गंमत अशी की बोटाला आपलं मत असतं. एका बटणापाशी ते थांबलं. दाबायला सुरुवात केली की अर्ध्या वाटेवर त्याला कुणीतरी हळूच सांगत होतं, बास, झालं. पुढे जायची इच्छाच होईना. “हा,” मी ओरडलो. कानात कापूस असल्यामुळे जरा जास्तच ओरडलो असेन. वडिलांनी पट्टी हलवली, पुन्हा घोळवली. मी परत त्याच्यावरच थांबलो. तिसऱ्यांदाही तोच.

मिक्सर बंद झाला. बायको हात पुसत आली आणि तिनं रुमाल उचलला. माझं बोट तपकिरीवर होतं.

“धड ना इकडचा ना तिकडचा,” ती म्हणाली. सातबाऱ्याचं जोडपं खो खो हसायला लागलं. मीही हसलो, दुसरं करणार काय? मग वडिलांनीही रुमालाखाली हात घातला आणि मोठ्या ऐटीत निळा निवडला. “यात जीव हाय,” ते म्हणाले. आम्ही त्यांना घुंगरांची आठवण करून दिली, तर म्हणाले, “माझा हात कुठं दुखतोय?”

कीबोर्ड असा मागवला की त्यातले स्विच चिमट्यानं उपटून बदलता येतात. सगळे तपकिरी, आणि डाव्या हाताच्या ज्या चार बटणांवर बायकोचा गेममधला शिपाई पळतो त्यांच्यासाठी चार लाल, वेगळ्या डबीत. दुकान बंद झालं की ती आपले चार लाल लावते, जेवणं झाली की काढून माझे तपकिरी परत बसवते. एकदा ती विसरली. दुसऱ्या दिवशी माझ्या डाव्या हाताचं बोट तिथं नुसतं टेकलं तरी अक्षर पडायला लागलं, आणि एका सज्जन माणसाच्या प्रतिज्ञापत्रावर अनुस्वारांचा सडा पडला. तेव्हापासून डबी उघडी दिसली की मी आधी चार बटणं चाचपून बघतो.

पण स्विच मिळाला म्हणून सवय सुटत नाही. विश्रांतीचे दिवस संपवून मी कामाला बसलो आणि पहिल्या ओळीतच आपटलो. बायको आतून म्हणाली, “ऐकू आलं!” तपकिरी वाजत नाही, पण बटण तळावर आदळलं की ठक् होतंच. मग तिचा पहारा सुरू झाला. ठक् झालं की आतून “ऐकू आलं!” मी चिडायचो, पुटपुटायचो, आणि पुढची ओळ बेतानं घ्यायचो. हळूहळू आतून येणारा आवाज कमी होत गेला. हात कसा आहे, हे मात्र मी कुणाला सांगत नव्हतो. सांगितलं आणि परत कळ आली तर काय, ही धास्ती होती. उजवा हात मी काचेच्या भांड्यासारखा जपत होतो. पिशवी डाव्या हाताने, दाराची कडी डाव्या हाताने.

अशात एक दिवस डोंगरातल्या एका पाड्यावरच्या बायका आल्या. अंगणवाडीला पक्की खोली हवी म्हणून अर्ज करायचा होता, लांबलचक, सगळ्या घरांच्या माहितीसकट, आणि तो त्याच दिवशी कचेरीत द्यायचा होता. परतीची एसटी चुकवून चालणार नव्हतं. दुखायला लागल्यापासून एका बैठकीत एवढं काम मी केलंच नव्हतं.

त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेलो. पाऊस आत कसा येतो, पोरं कुठल्या ओट्यावर बसतात, खिचडी कुठं शिजते. थोड्या वेळानं मला जाणवलं की त्या माझ्या बोटांकडे बघतायत. त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर बाई खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती.

“आरं, तू लिवतोस का नुसतीच बोटं फिरवतोस?” तिनं विचारलं. “आवाज तर नाय. आमाला सांगितलेलं, खाडखाडवाला हाय म्हणून.”

“लिवतोय आजी, चाललंय,” मी म्हणालो.

“बघ हां. नायतर गाडी जायची आमची.”

तिचा विश्वास बसला नव्हता, हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. बायको आतल्या दारात येऊन थांबली. आपटून दाखवावं, दोन ओळी का होईना, असा मोह मला झाला. बोटं शिवशिवली. पण प्रत्येक बटण अर्ध्यावर मला बास म्हणत होतं आणि मी ऐकत राहिलो. शेवटची ओळ झाली, प्रिंटर कुरकुरला आणि कागद बाहेर यायला लागले. एक, मग दुसरा, मग तिसरा. मी ते मोठ्यानं वाचून दाखवले. खिचडीचं आलं तेव्हा त्या एकमेकींकडे बघून माना डोलवायला लागल्या. म्हातारीनं कागद हातात घेतले, उलटसुलट केले आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

“बिनवाजंत्रीचं लगीन गो!” ती बाकीच्यांना म्हणाली. “पन लागलं तर खरं!” आणि माझ्यापुढे पंजा पसरला. “दे टाळी!”

मी दिली. चांगली सणसणीत दिली, बाहेर बाकावरच्या माणसानं वळून बघितलं एवढी. बायका हसत, अंगठ्यासाठी शाईचा पॅड मागत टेबलाभोवती जमल्या, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की टाळीला मी उजवा हात पुढे केला होता. तळवा नुसता गरम झाला होता. कळ नव्हती. मी वाट बघितली, तरी आली नाही.

मी दाराकडे पाहिलं. बायकोनं दोन्ही हात तोंडावर घेतले होते. मी उजवा हात वर करून तिला दाखवला, पाची बोटं हलवून दाखवली, आणि त्या सगळ्या बायकांच्या देखत मला रडू आलं.