कडेने धरलेलं नाणं

नेपरव्हिलमधला आमचा शेजारी कधी स्वस्थ बसत नसे. पार्टीतही तो दिव्याखाली उभा राहून आपल्या संग्रहातला एखादा जुना चांदीचा डॉलर चिमटीत कडेने धरायचा, भिंगातून बघायचा, तिरका करायचा आणि पुन्हा बघायचा. कुणी हात पुढे केला की ओरडायचा, "मध्ये टच नको करू, यार! हा काळेपणा शंभर वर्षांचा आहे. घासला की नाण्याची किंमत संपली." माणसांकडेही तो तसाच बघायचा. मला उगाच माझ्यावरचे ओरखडे आठवत.

दिवाळीत त्याची आई सांगलीहून आली होती. लक्ष्मीपूजनाला आम्ही गेलो, तर चौरंगावरच्या ताटात त्याचे सगळे डॉलर लखलखत होते.

"किती काळे पडले होते रे," ती कौतुकाने म्हणाली. "दुपारभर टूथपेस्ट लावून घासले."

त्याने एक नाणं कडेने उचललं आणि दिव्याखाली तिरकं केलं. मी घंटा हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

"मस्त चमकतायत, आई," तो म्हणाला, आणि नाण्यावर कोरलेल्या बाईच्या कपाळावर त्याने कुंकवाचं बोट टेकवलं.

आरती संपेपर्यंत तो ते बोट पँटला पुसत होता.