शिवकांता सिस्टर आणि गाडीची खोळ

शिवकांता सिस्टर कामावर यायच्या त्या भांडतच. एस.टी.तून उतरताना कंडक्टरशी सुरू झालेलं भांडण आरोग्य केंद्राच्या फाटकापर्यंत पुरायचं. तिथून पुढे फाटकात शिरलेल्या शेळीची पाळी, मग शिपायाची, मग माझी. मी तिथे औषधनिर्माता म्हणून नवाच लागलो होतो. पहिल्या दिवशी मला खालीवर न्याहाळून त्या म्हणाल्या, "नाव काय बे तुझं?" बाईमाणसाच्या तोंडून 'बे' मी तोवर ऐकला नव्हता. मी चाचरत "सुधाकर" म्हणालो. "औषधं वाटाया आलास का नुसती सही ठोकाया?" मी म्हणालो, दोन्ही. "मग पयलं काम पयलं कर," म्हणून त्या पुढे गेल्या.

परळीच्या एका लिंगायत किराणा दुकानदाराची ही थोरली लेक. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, पायात रबरी चपला. लग्न मोडलं होतं की झालंच नव्हतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. एकदा मी धीर करून एवढंच विचारलं की सिस्टर, तुम्हाला एवढा राग कावून येतो? त्या चक्क हसल्या. "मपल्या बापानं जन्मभर गिऱ्हाइकापुढं राग गिळला. दुकानदाराला राग परवडत न्हाई रे. म्हणून तर मी नोकरी धरली."

त्याच सुमारास आमच्या केंद्राला फिरता दवाखाना मिळाला. पांढरीशुभ्र मोठी गाडी. आत बाक, बेसिन, तपासायचं टेबल आणि लशीचा फ्रीज. टपावर सोलरचं पॅनेल. उन्हावर बॅटरी भरायची, बॅटरीवर फ्रीज चालायचा. ड्रायव्हर रज्जाकमामा म्हणायचे, "आमच्या घरापरीस बरी हाय. बिऱ्हाडच आणून टाकतो हिच्यात." पाहुण्यांनी नारळ फोडला, फोटो निघाले, गाडी दिवाळीपर्यंत डोंगरातल्या वस्त्यांवर फिरली. दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे गेल्या, आणि आमच्या डॉक्टरसाहेबांनी गाडी क्वार्टरमागे लावून टाकली. "वस्त्या रिकाम्या. होळीनंतर लोक परत येतील, तेव्हा काढू," म्हणाले.

रिकाम्या! अजून तो शब्द आठवला की माझं डोकं फिरतं. म्हातारी माणसं मागे होती, त्यांच्या गळ्यात टाकलेली नातवंडं मागे होती. साहेबांच्या लेखी कोयता उचलतो तेवढाच माणूस. सिस्टर त्यांच्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "वस्त्या रिकाम्या हायत, तर मग सकाळच्या पारी तितं धूर कशाचा निघतोय सायेब? भुतं सैपाक करत्यात का?" साहेबांनी पेपर वर धरला.

पौषात शेजारच्या गावात गोवर निघाला. दुसऱ्याच दिवशी सर्वांत लांबच्या वस्तीवरची भागाबाई पायी चालत केंद्रात आली. ओसरीवर बसली, पाणी प्याली आणि सिस्टरांचा हात धरून म्हणाली, "ल्योक-सून कोयत्यावर गेलीत, बाई. च्यार लेकरं माझ्या वटीत टाकून गेलीत. त्यायला काही झालं तर मी कोणत्या तोंडानं उभी राहू?"

तिच्या वस्तीसकट अशा तीन वस्त्या होत्या, आणि तिन्हीकडच्या लहान पोरांना गोवराची लस गोवराच्या आधी पोचायला हवी होती. पण गव्हाच्या पाण्याला साऱ्या गावाच्या मोटारी एकदम चालल्यामुळे गावची विजेची डीपी जळाली होती. केंद्राचा फ्रीज कोमट. तालुक्याहून पेटीतून लस आणावी, तर एस.टी. आणि डोंगरवाट करून पोचेपर्यंत बर्फाचं पाणी व्हायचं, आणि तापलेली लस म्हणजे नुसतंच टोचणं. राहता राहिली ती गाडी.

साहेबांनी कुलूप काढलं, आतला लाल दिवा दाखवला. "बॅटरी संपलेली आहे. थंडीत सोलर चालत नाही, सिस्टर. ऊन कोवळं असतं. हा तांत्रिक विषय आहे."

सिस्टर उन्हात उभ्या होत्या. डोक्याला हात लावून म्हणाल्या, "कोवळं? हितं मपलं टाळकं तापलंय!" मग त्या रज्जाकमामांकडे वळल्या. मामा आभाळाकडे बघू लागले. "मामा, वर काय हाय?" "मी काय बोलू बाई," मामा पुटपुटले, "सायबांनी शिवून घेतलीया."

बाईंनी पदर खोचला आणि मागच्या शिडीने सरसर टपावर चढल्या.

इथे थोडं त्या दिवसांविषयी सांगायला हवं. तेव्हा घरोघर नव्या वस्तू येऊ लागल्या होत्या आणि वस्तूच्या आधी तिची खोळ यायची. रंगीत टीव्हीला भरतकामाची, मिक्सरला झालरीची, रिमोटला प्लास्टिकची. सोफ्यावरचं दुकानातलं आवरण तर फाटेपर्यंत कुणी काढत नसे. साहेबांच्या घरी फ्रीजच्या मुठीलासुद्धा झबलं होतं. महागाची वस्तू वापरून खराब करायची नाही, हा आमचा धर्मच. त्याच भक्तिभावाने साहेबांनी टपावरच्या पॅनेलला, कबुतरं घाण करतात म्हणून, शिंप्याकडून खाकी जाड कापडाची खोळ शिवून घेतली होती. नाड्यांसकट! दिवाळीपासून पॅनेल त्या खोळीत झोपलं होतं, बॅटरी उपाशी मरत होती, आणि शिकलासवरला माणूस दोष सूर्याला देत होता.

सिस्टरांनी नाड्या सोडल्या नाहीत, तोडल्या. खोळ खाली येऊन साहेबांच्या बुटांवर पडली. वरून आवाज आला, "सूर्याच्या तोंडावर गोणपाट टाकता आन म्हणता थंडीत चालत न्हाई! उद्या पेशंटाच्या नाकावर उशी ठिवा आन म्हणा, श्वास घेत न्हाई!"

साहेब लालबुंद झाले. "सरकारी मालमत्ता आहे ती!"

"आन लेकरं कुणाची हायत?"

खोळ काढली म्हणून सगळं एका झटक्यात सुरळीत झालं असं नाही. क्वार्टरची सावली दुपारीच टपावर यायची, म्हणून गाडी मोकळ्या मैदानात आणली. थंडीत सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, तर मामांनी गाडी उतारावर अशी लावली की टपसुद्धा तिकडेच कलला. फ्रीज घुर्र करून सुरू झाला तेव्हा मामांनी बॉनेटला हात लावून कपाळाला लावला. पण उपाशी ठेवलेल्या बॅटरीत दम उरला नव्हता. दिवस मावळला की फ्रीज गप्प. साहेबांना काय आनंद झाला! "बघा, म्हटलं नव्हतं?" माणसाला दुसऱ्याचं बिघडल्याचा इतका आनंद कसा होतो, मला कळत नाही.

"रातीची थंडी फुकटात हाय सायेब," सिस्टर म्हणाल्या. "दार उघडलं न्हाई म्हंजे झालं." तालुक्याहून लस गाडीतूनच आणली. दिवसभरात बर्फाच्या बाटल्या गोठवायच्या, त्या लशीभोवती रचायच्या, आणि संध्याकाळी फ्रीजचं दार बँडेजच्या पट्टीने करकचून बांधायचं. "हात लावंल त्याचा हातच बांधीन." सकाळी थर्मामीटर बघितला तर लस थंडगार. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा कुणावर न ओरडता चहा पिताना पाहिलं.

दोन वस्त्या झाल्या. तिसरी, भागाबाईची, बाकी होती, आणि सिस्टरांच्या बदलीचा हुकूम आला. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, ताबडतोब. कारण काय, तर सरकारी मालमत्तेची हेळसांड. ज्याने गाडी उपाशी मारली तो खुर्चीवर, आणि जिने ती जगवली ती रस्त्यावर! वर निरोपसमारंभ. लाथ मारायची आणि मग लाथेला हार घालायचा, ही आपली जुनी रीत. सरपंच आले, साहेबांनी 'कर्तव्यदक्ष' वगैरे भाषण केलं आणि शाल-श्रीफळ पुढे धरलं.

सिस्टरांनी हात मागे घेतले. "शाल नगं. गाडीची किल्ली द्या."

साहेब कसनुसं हसले. "सिस्टर, तुम्ही आता कार्यमुक्त आहात."

"व्हय. म्हणून तर आज मला कुणाचं भ्याव न्हाई. सरपंच, एक वस्ती राहिलीया. इकडं माझ्या गळ्यात हार, आन तिकडं लेकरायच्या अंगावर गोवर, हे तुमाला पटतंय का?"

सरपंच चांगले होते असं नाही. पण दोन्ही वस्त्यांवरच्या म्हाताऱ्या त्या दिवशी फाटकाशी येऊन बसल्या होत्या, आणि म्हाताऱ्यांना मत असतं. सरपंचांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खिशातून किल्ली काढली.

सिस्टर आपली ट्रंक घेऊन गाडीतच बसल्या. मी आणि मामा सोबत. भागाबाईने चारही नातवंडं न्हाऊमाखू घालून ओळीने उभी केली होती. टोचून झाल्यावर तिने सिस्टरांच्या हातात मूठभर शेंगा दिल्या आणि विचारलं, "आता पुना कवा येशील, बाई?"

सिस्टरांनी माझ्या दंडाला धरून मला पुढे ढकललं. "ह्यो सुधाकर यील. दर बेस्तरवारी. न्हाई आला तर मला सांगावा धाड, ह्याची हाडं मोडाया मी यीन."

मी गेलो. गाडी पुढे भंगारात निघाली, साहेब बढतीवर गेले, मी सायकलवर पेटी बांधून दर गुरुवारी, सिस्टरांच्या बेस्तरवारी, वस्तीवर जात राहिलो. फार मोठा सेवाभाव होता असं मुळीच नाही. मला त्या बाईचा धाक होता.

त्या वारल्याचा निरोप आला तो बेस्तरवारीच. निवृत्तीनंतर त्या परळीला भावाकडे असायच्या. मी निरोप्याला हो म्हणालो, पेटी भरली, वस्ती केली आणि मग परळीची एस.टी. धरली. लिंगायतांच्या रुद्रभूमीत पोचलो तेव्हा माती ओढून झाली होती, ताज्या मातीवर बेलाची पानं होती, लोक पांगत होते. त्यांचे भाऊ एकटे उभे होते. "तुम्हीच सुधाकर ना?" ते म्हणाले. "सकाळी निरोप धाडलता. एवढा उशीर कावून?"

मी म्हणालो, "आण्णा, वस्तीवर गेलतो."

त्यांनी मातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग बराबर हाय," ते म्हणाले. "तसाच आला असतास, तर आक्का उठून बसली असती आन तुला मागं हाकलला असता."