लिन आंटींच्या आईची प्रत

परवा इकडे परदेशात, पासिर रिसला, आमच्याच ब्लॉकखाली, म्हणजे इमारतीच्या तळमजल्याच्या मोकळ्या जागेत, मी एका कादंबरीकार बाईच्या हातातून कागद हिसकावले... आणि चांगलीच तोंडघशी पडले.

लिन आंटी आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. चीनमधून लेकीकडे आल्या, मुलांना मँडरिन शिकवतात. तिकडे त्यांच्या दोन कादंबऱ्या छापून आल्यात. तिसरी त्या चार वर्षं रोज सकाळी ब्लॉकखालच्या दगडी टेबलाशी बसून लिहीत होत्या... चौकटींचा कागद, एका चौकटीत एक अक्षर. मागच्या महिन्यात प्रकाशकाने ती परत पाठवली आणि आंटी खाली दिसेनाशा झाल्या.

सध्या चिनी लोकांचा पितरांचा महिना चालू आहे. आपला पितृपंधरवडाच म्हणा ना. ब्लॉकखाली लोखंडी पिंप असतं, त्यात कागदी नोटा, कागदी कपडे जाळले की ते पितरांना पोचतात. परवा ऑफिसातून येते तर आंटी पिंपासमोर, मांडीवर तोच चौकटींच्या कागदांचा गठ्ठा... आणि दोन पानं आगीत गेलेली.

माझं डोकंच फिरलं. कागदाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणारी मी... गठ्ठा ओढून छातीशी धरला आणि सुनावलं, "एक जण नाही म्हणाला म्हणून जाळायची?"

आंटी शांतपणे म्हणाल्या, "ही आईची प्रत आहे."

त्यांची आई शाळेत शिक्षिका होती. पहिल्या दोन्ही कादंबऱ्या आधी तिनेच वाचल्या, लाल पेनने चुका काढल्या. तिसरी लिहायला घेण्याआधीच ती गेली. म्हणून महिनाभर घरात बसून आंटींनी अख्खी कादंबरी पुन्हा हाताने उतरवली होती. मूळ प्रत वर कपाटात सुखरूप.

"मग झेरॉक्स काढायची ना," मी पुटपुटले.

"झेरॉक्स तिने वाचली नसती. ती अक्षराचेही मार्क कापायची."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी गठ्ठा परत पुढे केला. आंटींनी मात्र निम्मी पानं माझ्याच हातात ठेवली. शेजारी उकिडवी बसून मी एकेक पान आगीत टाकत गेले... हात जड झाला होता, खोटं कशाला बोलू.

शेवटचं पान गेल्यावर आंटी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "आईच्या आधी प्रकाशकाला दाखवली, तिथेच चुकलं. आता ती वाचेल. सोमवारपासून पुन्हा पहिल्या पानापासून लिहिते."

एका नकाराने मी आजवर काय काय सोडून दिलंय, ते आठवत जिना चढले. आंटी, ती निम्मी पानं माझ्या हातात दिलीत... मनापासून आभार.