वर हत्ती चालला तरी

भवानीपूरच्या आमच्या घराला जुनं लाकडी छत होतं. सागवानी तुळया, त्यांवर आडव्या पट्ट्या, त्यांवर विटा आणि चुना, आणि त्यावर गच्ची. आजोबा नोकरीसाठी कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. घर त्यांनी बांधलेलं. गच्चीवर मांजर फिरलं तरी खाली कळायचं. माणूस असला तर कोण आहे तेही आई पावलावरून सांगायची.

म्हणून दादाचं येणं सगळ्यांत आधी तिला कळायचं. सत्तर सालच्या आगेमागे माझा हा मोठा भाऊ कॉलेज सोडून भिंतींवर क्रांतीच्या घोषणा लिहिणाऱ्या पोरांत मिसळला. पोलीस शोधायला लागले, तसा तो रस्त्यावरून घरी यायचा बंद झाला. गल्लीतली घरं एकमेकांना चिकटलेली. शेजाऱ्यांच्या गच्च्या ओलांडत तो दिवेलागणीला यायचा. वर कर्रकर्र वाजलं की आई देवापुढची वात सारखी करत म्हणायची, "आला." जेवून तो वरच्या वाटेनंच जायचा. जिन्याच्या दाराला आई कडी घालत नसे.

एका वर्षी दुर्गापूजा संपली, मांडव उतरले आणि दादा यायचा थांबला. बाबांनी ठाणी पालथी घातली, हॉस्पिटलं पाहिली, जिथं कुठल्याच बापाला जायची वेळ येऊ नये तिथंही जाऊन चादरी उचलून पाहिल्या. तो कुठंच नव्हता.

पावलं मात्र थांबली नाहीत. दिवे लागले की वर कर्र, जरा थांबून पुन्हा कर्र, कठड्यापासून जिन्यापर्यंत. आई म्हणायची, "आला," आणि चौथं ताट घ्यायची. सकाळी त्यातलं अन्न ती गल्लीतल्या गाईला घालायची. कावळ्यांना कधीच नाही.

बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. माझी आत्या का रुसते हेसुद्धा ते उष्णतेनं समजावून देऊ शकले असते. "अगं, लाकूड आहे ते," ते म्हणायचे. "दिवसभर उन्हानं फुगतं, संध्याकाळी आक्रसतं. वाजणारच." आई ऐकून घ्यायची आणि ताट वाढायची. मला त्या आवाजाची भीती वाटायची. एखाद्या संध्याकाळी तो उशिरा आला तर त्याहून जास्त वाटायची.

पुढच्या श्रावणात माझ्या अभ्यासाच्या टेबलावर छतातून विटांचा ढलपा कोसळला. मी पाणी प्यायला उठले होते म्हणून वाचले. तुळयांची भिंतीतली टोकं वाळवीनं पोखरली होती. बाबांनी कंत्राटदाराला बोलावलं. लोखंडी सळईनं टोचत तो घरभर फिरला आणि म्हणाला, सगळं उतरवा आणि सिमेंटचं छत घाला.

त्याचा आकडा ऐकून बाबा खालीच बसले. आई पुढं झाली. "खराब आहेत तेवढ्याच बदला ना." भाजीवालीशी घालावी तशी तिनं हुज्जत घातली आणि बाबा कौतुकानं बघत राहिले. कंत्राटदार म्हणाला, असली ठिगळं टिकत नाहीत. "बरं, मग सगळं नवं करा," आई म्हणाली, "पण लाकडीच." तसलं सागवान सिमेंटहून कितीतरी महाग. आईनं हातातल्या पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या.

बाबा चक्रावले. "आत्ता पै-पैसाठी भांडत होतीस, आणि आता पाटल्या? तुला हवंय तरी काय?"

कंत्राटदाराला वाटलं, बाईंना मजबुतीची शंका आहे. तो मोठ्या अभिमानानं बंगालीत म्हणाला, "बौदी, सिमेंटचं असं पक्कं छत करून देतो की वर हत्ती चालला तरी खाली कळणार नाही."

आईनं पाटल्या उचलल्या आणि परत हातात चढवल्या; सिमेंटसाठी त्या नव्हत्या. "ऐकलंत?" ती बाबांना म्हणाली. "मग तो आला तर मला कळायचं कसं?"

बाबांनी माझ्या टेबलावरच्या छतातल्या भोकाकडं पाहिलं. मग म्हणाले, "दारानं येईल. माणसं दारानं येतात."

मला त्यांचा असा संताप आला की मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. आता वाटतं, पोरीच्या डोक्यात वीट पडायची वाट कुठला बाप बघेल? पण हे आता वाटतं.

तुळया उतरल्या, हातगाड्यांवरून विकायला गेल्या. सिमेंटचं छत झालं. त्यावर विटांचा चुरा आणि चुना पसरून बायका ओळीनं बसल्या आणि लाकडी थापटण्यांनी तो ठोकत राहिल्या, दिवसच्या दिवस, गाणी म्हणत. माझं डोकं उठायचं. आई मात्र त्याच छताखाली तांदूळ निवडत बसायची. वर माणसं होती, तेवढंच तिला बरं वाटत असावं.

मग काम संपलं आणि बायका निघून गेल्या. त्या संध्याकाळी आईनं दिवा लावला आणि मान वर करून उभी राहिली. ट्रामची घंटा ऐकू आली, शेजारच्या घरचा शंख ऐकू आला. वरून काहीच आलं नाही. तिनं तीन ताटं घेतली.

बाबा पाटावर बसले आणि ताटांकडं बघत राहिले. "चौथं कुठंय?"

"वर कोणी नाही," आई म्हणाली.

ती रडत नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटली. बाबा उठले. आयुष्यात पाण्याचा तांब्या स्वतः न भरलेला हा माणूस; फळीवरून ताट काढून त्यांनी भात वाढला, वरण वाढताना निम्मं जमिनीवर सांडलं. ताट दादाच्या पाटापुढं ठेवून ते जेवायला बसले. आम्हीही जेवलो.

सकाळी आईनं त्या ताटाला हात लावला नाही. बाबाच ते घेऊन बाहेर पडले. गल्लीत गाय नव्हती. नव्या गच्चीच्या कठड्यावर कावळे ओळीनं बसले होते. त्यांच्याकडं मान वर न करता बाबा ताट घेऊन गाय शोधत कोपऱ्यापर्यंत गेले.