दुपारचं पाणी

इमारतीच्या पायासाठी खोदलेला पाइलचा खड्डा बारा मीटर खोल गेला होता आणि आतून त्याच्या भिंती ढासळू लागल्या होत्या. तिथून चार मीटरवर हिराबाईंचं घर. त्यांच्या भिंतीला आधीचाच एक तडा होता, त्यावर मी काचेची पट्टी चिकटवली होती. भिंत सरकली की काच तुटते, एवढं साधं यंत्र.

"काच तुटली तर काय गो, बाय?" हिराबाईंनी विचारलं.

"घर रिकामं करावं लागेल, मावशी."

त्या सुकट निवडत राहिल्या.

वरळी कोळीवाड्याला लागूनच आमची साइट. मी पायलिंग कंपनीत क्वालिटी इंजिनिअर. खोदताना खड्ड्यात बेन्टोनाइट नावाच्या मातीचं दाट पाणी भरतात, त्याच्या दाबाने भिंती तग धरतात. सकाळी कालवलेलं मिश्रण झकास होतं. दुपारचं मात्र फाटलेल्या दुधासारखं, खाली गुठळ्या आणि वर निवळ पाणी.

मी मातीच्या सप्लायरला फोनवर झाडलं. तुमची माती भेसळीची आहे, असं सुनावलं.

"मॅडम, सकाळी हीच गोण होती ना?"

मी ऐकून घेतलं नाही.

प्रोजेक्ट मॅनेजर सावंतसरांनी विचारलं, "पाण्याचा रिपोर्ट?"

"ओके आहे, सर. रोज सकाळी सातला सॅम्पल घेते."

"मग थांबायचं कशाला?"

"रिपोर्ट ओके आहे. खड्डा ओके नाहीये."

कपाळाला आठ्या घालून त्यांनी खड्डा तात्पुरता बुजवू दिला. दोन दिवसांत कारण सापडलं नाही, तर हिराबाईंना हलवायचं ठरलं.

हात धुवायला मी त्यांच्या परसात गेले. विहिरीत बादली सोडणार, तेवढ्यात त्यांनी भरलेलं पिंप दाखवलं.

"सकालचं घे. आज पुनव हाय. पुनव-अवसंला दुपारी भरती चढली की आमची हीर खारी होते. त्या पान्यात डाल पन नाय शिजत."

माती कालवायला आम्ही पाणी घ्यायचो ती बोअरवेल त्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. मी धावतच गेले आणि तिच्या पाण्यात क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला. आकडा सकाळच्या कितीतरी पट.

या मातीचे कण म्हणजे पातळ पापुद्रे. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, म्हणून पाण्यातले धन भाराचे आयन, मुख्यतः सोडियमचे, त्यांच्याभोवती जमतात आणि आपल्यासोबत पाणीही धरून ठेवतात. गोड्या पाण्यात हा घेर ऐसपैस असतो. पापुद्रे एकमेकांपासून लांब राहतात, माती फुगते. खाऱ्या पाण्यात आयनांची इतकी गर्दी होते की घेर आक्रसतो, पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या तळाला बसतात. माती चांगलीच होती. पाणी दुपारचं होतं.

गोड्या पाण्याचा टँकर मागवला. माती रात्रभर भिजवली. दुसऱ्या दिवशी भर भरतीत, दुपारी एकला, तोच खड्डा पुन्हा खोदला. मी सारखी पट्टीकडे बघत होते. काच तुटली नाही.

सप्लायरला फोन करून माफी मागितली. ते सगळ्यात अवघड काम होतं.

सॅम्पलच्या फॉर्मवर आता भरतीची वेळ लिहायचा रकाना आहे.

"हे बांधकामाच्या कुठल्या कोडमध्ये आहे?" सावंतसरांनी विचारलं.

"कोडमध्ये नाही, सर. हिराबाईंच्या स्वयंपाकघरात."

पाणी ओके आहे असं कुणी म्हटलं, की मी आता आधी विचारते, किती वाजताचं?