टाकीच्या सावलीतला शोध

कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणायचे, कारण मालक, म्हणजे दादा, तिचे थोरले दीर. सौर पॅनेलचे कंट्रोलर बनवणारा छोटा कारखाना. ती तपासणीच्या टेबलावर बसायची. पॅनेलमधून सर्वांत जास्त वीज कोणत्या व्होल्टेजला निघते, ते सतत चाचपत राहणं हे कंट्रोलरचं काम. स्वच्छ उन्हात ते बरोबर जमायचं. पण गच्चीवरच्या टाकीची सावली पॅनेलच्या जेमतेम एका कोपऱ्यावर आली, की वीज एकदम निम्म्यावर.

वहिनीने आठवडाभर भर दुपारी गच्चीवर बसून, हाताने व्होल्टेज बदलत आकडे टिपले. तेव्हा कळलं, की सावलीत विजेच्या आलेखावर एकाऐवजी दोन शिखरं तयार होतात. कंट्रोलर समोरची टेकडी चढून ‘पोचलो’ म्हणून बसतो. मागचा डोंगर त्याला दिसतच नाही. तिने प्रोग्राम बदलला. दर दहा मिनिटांनी व्होल्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून यायचं, आणि जिथे जास्त तिथे थांबायचं. वीज पुन्हा वर आली.

दादांनी कौतुक केलं, कागद मागून घेतले. महिन्याभराने माहितीपत्रक छापून आलं. त्यावर दादांचा फोटो, खाली ‘संशोधक’. तिचा नवरा तिथेच गोदाम सांभाळायचा. तो म्हणाला, “नाव घरातच राहिलं ना? उगाच राईचा पर्वत करू नकोस.”

मग ऑर्डर देण्याआधी कंट्रोलर पाहायला मोठ्या कंपनीचे पाहुणे आले. त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, दर दहा मिनिटांनीच का, दर मिनिटाला का नाही? दादांनी वहिनीकडे पाहिलं. उत्तर तिच्या जिभेवर होतं: शोध चालू असतो तेवढा वेळ वीज वाया जाते, आणि टाकीची सावली काही धावत नाही.

“संशोधक दादा आहेत,” ती म्हणाली. “त्यांनाच माहीत.”

दादांनी काहीतरी ठोकून दिलं. पाहुणे चहा अर्धा टाकून उठले, ते परत आले नाहीत.

तेव्हापासून ती घरभेदी. नवरा जेवताना तिच्याशी बोलत नाही. तपासणीच्या टेबलावर दादांचा जावई बसतो, आणि ती पेट्यांना झाकणं लावते, एका झाकणाला चार स्क्रू. आत प्रोग्राम तिचाच असतो.

तिच्या बहिणीने एकदा विचारलं, उत्तर दिलं असतंस तर काय बिघडलं असतं?

“काही नाही,” ती म्हणाली. “तेही त्यांचंच झालं असतं.”