बोटीचं गोत्र

मॉरिशस बेट मी पाहिलेलं नाही. समुद्रसुद्धा पहिल्यांदा पाहिला तो पन्नाशी उलटल्यावर, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडला नाही, नुसती आदळआपट. पण त्या बेटाच्या बंदरावर मला कुणी डोळे बांधून सोडलं असतं, तरी मी माझ्या थोरल्या बहिणीच्या दारापर्यंत बरोबर पोचले असते. समुद्र उजव्या हाताला ठेवायचा, डोंगर डाव्या हाताला, आणि उसातून चालत राहायचं. ऊस संपत नाही. मधेमधे काळ्या दगडांचे घराएवढाले ढीग लागतात. शेतं करताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेले दगड आहेत ते. तिसऱ्या ढिगाशी एका चिनी माणसाचं दुकान, आणि दुकानामागे पत्र्याच्या छपराचं ताईचं घर. हे सगळं तिने पत्रांतून लिहिलं होतं, आणि मला ते अजून पाठ आहे.

आम्ही लश्कर शहरातल्या दाना ओलीत, एका धान्याच्या दुकानाच्या माडीवर राहत होतो. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते दरबारच्या देवघराकडे नेमलेले शास्त्री. लश्करातल्या मराठी घरांत कुणाला सूतक किती दिवसांचं, मुहूर्त कोणता, श्राद्धाची तिथी कुठली, हे विचारायला लोक आमच्या जिन्यावर रांग लावून बसत. अण्णांचा शब्द शेवटचा असे, आणि त्या शब्दात दयामाया नसे. मी स्वतः तापट आहे असं सगळे म्हणतात. ते कुठून आलं हे मला कुणी सांगायला नको.

ताई बेटावर गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते. तिच्या लग्नाला जेमतेम आठ महिने झाले होते. भावोजी शाळामास्तर. त्या बेटावर तीन पिढ्यांमागे सातारा-रत्नागिरीकडून ऊस तोडायला नेलेली मराठी माणसं होती. त्यांना मुलांना बाराखडी शिकवणारा आणि गणपतीची पूजा सांगणारा कुणीतरी हवा होता. मुंबईतल्या एका ओळखीच्या माणसाने भावोजींचं नाव सुचवलं, आणि भावोजींनी कुणालाही न विचारता हो म्हणून टाकलं. निरोप घ्यायला दोघं आली तेव्हा अण्णा म्हणाले, "समुद्र ओलांडणाऱ्याला परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागतं. काय घ्यायचं ते मी लिहून ठेवीन." आशीर्वाद म्हणून ते एवढंच बोलले. आईने मात्र गोधडीच्या घडीत मेतकुटाची पुडी लपवली आणि जिन्यावर उभी राहून रडली.

पत्र यायला महिना-दीड महिना लागे. आईला वाचता येत नसे. पण पत्र आधी तिच्या हातात जायचं, ती ते डोळ्यांना लावायची, आणि मग माझ्याकडे द्यायची. मी मोठ्याने वाचायची. अण्णा पंचांगात डोकं घालून बसलेले असायचे. ऐकत नाही असं दाखवायचे आणि एखादी ओळ मी गाळली तर मान वर करायचे.

ताईला लिहिण्याची हौस होती. "इथे राज्य इंग्रजांचं, मळे फ्रेंचांचे आणि घाम आपला," असं तिने पहिल्याच पत्रात लिहिलं. गोरे मळेवाले फ्रेंच बोलतात, कचेरीत इंग्रजी चालतं, आणि बाकी सगळे, म्हणजे आफ्रिकेहून आणलेल्या गुलामांची नातवंडं, चिनी दुकानदार, गुजरातचे मुसलमान व्यापारी, बिहारचे, मद्रासचे आणि आपले, क्रेओल नावाची एक खिचडी भाषा बोलतात. मराठी मुलांना प्रश्न विचारला की ती "मो पा कोने" म्हणून मोकळी होतात, म्हणजे मला माहीत नाही. यावर आई म्हणाली, "यात काय बडी बात? आपली नाही का 'मला नाही पता' म्हणत?" डाळपुरी नावाची एक पोळी तिथे रस्त्यावर मिळते, ताईने लिहिलं होतं, अगदी पुरणपोळी, फक्त करणारी बाई गूळ घालायला विसरलेली. गुलमोहर पौषात फुलतो आणि आषाढात थंडी पडते. किनाऱ्यापासून लांब पाण्यात एक पांढरी रेघ दिसते, तिथे खडक आहेत आणि मोठ्या लाटा तिथेच फुटतात. म्हणून काठावरचं पाणी आपल्या तळ्यासारखं उथळ आणि शांत असतं. पण पौष ते फाल्गुन या दिवसांत वादळं येतात. तेव्हा छपरावर दगड ठेवायचे आणि दारं खिळ्यांनी ठोकून आत बसून राहायचं.

एक गोष्ट मात्र तिने दोन-तीनदा लिहिली. तिथल्या मजुरांत एक नातं असतं, बोटीचं. ज्यांचे आजे-पणजे एका बोटीतून उतरले ते एकमेकांचे भाऊ. मग जात कुठलीही असो. त्यांची मुलं आपसांत लग्न करीत नाहीत. सुखदुःख, सोयर-सूतक सगळं एक. ताईच्या बोटीवर बेटावरचा एक म्हातारा होता. मराठा माणूस, देवदर्शनाला हिंदुस्थानात येऊन परत चाललेला. वाटेत ताईला बोट लागली तेव्हा त्याच्या बायकोने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. उतरल्यावर म्हातारा भावोजींना म्हणाला, "ही आमच्या बोटीची. आता आमचं घर हिचं माहेर." दिवाळीला तो तिला घेऊन जायचा, खण द्यायचा.

हे वाचलं त्या दिवशी अण्णा मोठ्याने हसले. "गोत्र नाही, प्रवर नाही, आणि म्हणे बोट!" आई हसली नाही. ती म्हणाली, "चला, कुणीतरी आहे तिथे."

पण अण्णाही हळूहळू वितळले. एकदा मला म्हणाले, "तिला विचार, दुपारी बारा वाजता काठी उभी केली तर सावली कुठल्या बाजूला पडते." ताईचं उत्तर आलं: वर्षातले बहुतेक महिने दक्षिणेला. आपल्याकडे ती नेहमी उत्तरेला. अण्णांनी आयुष्यभर गणित केलं होतं, पण दक्षिणेला पडलेली सावली त्यांच्या घरात पहिल्यांदाच आली. मग त्यांनी त्या बेटाचा सूर्योदय काढला आणि ताईसाठी एका वहीत वेगळं पंचांग लिहून पाठवलं. रोज सकाळी संध्या आटोपली की ते साडेतीन घटका मोजत आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणत, "उजाडलं तिच्याकडे." एवढं एक वाक्य. आई त्यासाठी थांबलेली असायची.

मी सतरा वर्षांची झाले तेव्हा ताईला दिवस गेल्याचं पत्र आलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, आणि माहेर समुद्रापलीकडे. आईने डिंकाचे लाडू डब्यात बंद करून पाठवले. पोचले की नाही कोण जाणे. त्याच सुमाराला इंदूरचं स्थळ येऊन माझं लग्न ठरलं, वैशाखातलं. ताईने लिहिलं, "बाळाला घेऊन तुझ्या लग्नालाच येते." आईने तिच्यासाठी एक जरीकाठी लुगडं आणि बाळासाठी कुंची काढून ठेवली. मग पत्रं थांबली. आई म्हणायची, "स्वतःच निघाली असेल, मग पत्र कशाला लिहील?"

आता एक नियम सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. घरात लग्न असताना मृत्यूची बातमी आली तर सूतक लागतं आणि लग्न थांबतं. पण देवक बसलं, म्हणजे लग्नघरी देवांची आणि पितरांची स्थापना झाली, की त्यानंतर आलेल्या बातमीने ते लग्न अडत नाही. आणि सूतक धरायचं ते माणूस गेल्यापासून नव्हे, बातमी कळल्यापासून. हे दोन नियम सगळं लश्कर अण्णांकडून शिकलं होतं. पाटणकर बाजारातल्या एका गृहस्थाला देवकाच्या आदल्या संध्याकाळी भाऊ गेल्याची तार आली होती. तो अण्णांच्या पाया पडला. अण्णा म्हणाले, "तार वाचलीत ना? मग संपलं." वऱ्हाड परत गेलं, सोयरीक मोडली आणि त्या मुलीचं लग्न पुढे झालंच नाही.

माझं लग्न शुक्रवारी होतं, देवक गुरुवारी. मंगळवारी दुपारी डाकिया आला आणि खालूनच ओरडला, "बाईजी, समुंदर पार की चिट्ठी!" मी खाली धावले. पत्र बेटाचंच होतं. पण पत्त्यावर अक्षर भावोजींचं होतं. पाच वर्षांत त्यांनी पत्ता कधी लिहिला नव्हता.

मी शास्त्र्याची मुलगी. मला जे समजायचं ते जिन्यातच समजलं. आई स्वयंपाकघरात होती, तिच्या हाताला बेसन लागलं होतं. मी तिच्या बाजूने पुढे गेले आणि पत्र अण्णांच्या हातात दिलं.

त्यांनी अक्षर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पत्र उघडलं नाही, पंचांगाच्या पानांत घातलं आणि हाक मारली, "देवक आजच बसवायचं."

आई बाहेर आली. "अहो, आज? परसों ठरलं होतं ना? अजून पाहुणे यायचेत, काहीच तयार नाही."

"मुहूर्त आज चांगला आहे."

मुहूर्तावर अण्णांना कोण बोलणार? तासाभरात पाट मांडले, सुपारीचा गणपती झाला, मी न्हाऊन नवं लुगडं नेसून बसले. अण्णांचे मंत्र नेहमीसारखे स्वच्छ होते. देवक बसल्यावर ते पत्र घेऊन गच्चीवर गेले, भर उन्हात. खाली आले तेव्हा आईने विचारलं, "काय लिहिते? कधी निघते?" ते म्हणाले, "नंतर वाचू. आता सवड नाही." मी त्यांना काही विचारलं नाही. मला माझं लग्न हवं होतं. पाटणकर बाजारातली ती मुलगी मला तेव्हा आठवलीसुद्धा नाही, आता आठवते. शुक्रवारी कन्यादानाच्या वेळी अण्णांच्या ओंजळीतलं पाणी माझ्या हातांवर पडत होतं आणि मी मान खाली घालून बसले होते.

लग्नानंतर चार दिवसांनी मांडवपरतणीला आम्ही दोघं माहेरी आलो. तोवर पाहुणे पांगले होते. त्या सकाळी देवक उठवलं. माझे यजमान चुलतभावांबरोबर फूलबागेकडे गेले होते. अण्णांनी आईला आणि मला बसवलं, पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "वाच. नेहमीसारखं, मोठ्याने."

मी वाचलं. फाल्गुनात वादळ झालं होतं. छप्पर उडालं. नदीला पूर आला आणि सुईण पलीकडेच अडकली. शेजारची आफ्रिकी वंशाची क्रेओल बाई दोन दिवस ताईपाशी बसून होती. मूल मेलेलंच जन्मलं, मुलगी होती. ताई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती. चिनी माणसाने दुकान बंद ठेवलं. क्रेओल बायका रस्त्यावर उभ्या राहून त्यांची देवाची गाणी म्हणत होत्या. बोटीच्या म्हाताऱ्याने मिशी काढली, आणि त्या बोटीच्या नात्यातल्या सगळ्या घरांनी ताईचं सूतक दहा दिवस धरलं. कुणाच्याही चुलीवर गोड शिजलं नाही.

आई रडली नाही. तिने विचारलं, "आपल्याला किती दिवस?"

अण्णांनी पंचांग मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मी वाचलं तेव्हापासून तीन दिवस उलटून गेलेत. लेक परक्या घरची, तिचं सूतक तेवढंच. आपल्याला फक्त स्नान."

"एक अंघोळ?"

"हो."

"तिथे परक्यांनी दहा दिवस धरलं. आणि आपण एक अंघोळ करून मोकळं व्हायचं?"

"शास्त्र तसं आहे."

"मग तुम्ही करा," आई म्हणाली. "मी दहा दिवस अंघोळ करणार नाही."

ती उठली आणि जिन्याजवळच्या कोपऱ्यात घोंगडी टाकून बसली. वैशाखातली लू, भिंतीसुद्धा तापलेल्या. ती कुणाला शिवली नाही, कुणाला जवळ येऊ दिलं नाही. अण्णांनी अंघोळ केली आणि दुपारी तिचं ताट स्वतः वाढून लांबून सरकवलं. दहाही दिवस त्यांनीच ते केलं. जिन्यावर कुणी काही विचारायला आलं की म्हणायचे, "मला नका विचारू." सकाळी साडेतीन घटका झाल्या की त्यांचं तोंड उघडायचं आणि पुन्हा मिटायचं.

यजमान इंदूरला गेले, मी राहिले. दहाव्या दिवशी आईने मला समोर बसायला सांगितलं.

"पत्र डाकियाकडून कुणी घेतलं?"

"मी."

"अक्षर ओळखलंस?"

"हो."

"आणि माझ्या हातात दिलं नाहीस."

आईने माझ्या हातातल्या हिरव्या चुड्याकडे पाहिलं. "बरं केलंस," ती म्हणाली. "मला वाचता येत नाही, पण मी लगेच उघडायला लावलं असतं." मग ती उठली आणि न्हायला गेली.

त्यानंतर आई पुष्कळ वर्षं जगली. माझी दोन्ही बाळंतपणं तिने केली, लाडू केले, रात्र-रात्र पोरांना मांडीवर घेतलं, कशात काही कमी केलं नाही. शेजारणींशी ती ताईबद्दल बोलायची. काळे दगड, पाण्यातली पांढरी रेघ, पौषातला गुलमोहर, सगळं माझ्याहून नीट सांगायची. जिन्यातून वर येताना मला ते ऐकू यायचं. मी आत आले की ती बोलणं तिथेच तोडून, सूप पुढे ओढून तांदूळ निवडायला लागायची.